कयाकवरचा फिश फाइंडर: भाट्ये खाडीतल्या प्रकल्प नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४

पाऊस संपला, रत्नागिरीच्या भाट्ये खाडीचं पाणी अजून गढूळच आहे. यंदा कयाकवर फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली, तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, बसवायचं हे नक्की. कयाक साधी, वर बसून वल्हवायची, बारा फुटी, रोटोमोल्डिंगने बनवलेली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बनतात तीच पद्धत आणि तेच पॉलिइथिलीन. तळाला प्लास्टिकचा एकच थर, मध्ये फोम नाही. ही गोष्ट पुढे कामाला येणार, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

यंत्र कशासाठी हवंय? सर्वांत आधी खोलीसाठी. काजळी नदी दर पावसाळ्यात गाळ आणून ओतते आणि मुखाजवळची वाळू जागा बदलते. मे महिन्यात जिथे बिनघोर जायचो तिथे आता ओहोटीला वल्हं टेकतंय. मग तळ कसला ते कळायला हवं: चिखल, वाळू की कातळ. तांबोशी आसरा धरून राहणारा मासा. खडक, पुलाचे खांब, बुडालेलं झाड यांच्या आडोशाला असतो. सपाट चिखलावर गळ टाकून तो मिळायचा नाही. मासे पडद्यावर दिसणं माझ्या यादीत शेवटी. मासा दिसला की लागतो, असं मानणाऱ्यांनी एकदा खाडीत येऊन बघावं.

बजेट तीस हजार, बॅटरी, तारा, बैठक सगळं धरून. अट एकच: खाऱ्या पाण्यात किमान तीन हंगाम टिकलं पाहिजे.

३ नोव्हेंबर

दिवाळीमुळे बऱ्याच बोटी मिरकरवाडा बंदरात उभ्या. ओळखीच्या एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या) केबिनमध्ये नेऊन त्यांचा फिश फाइंडरचा सेट दाखवला. जपानी, बराच जुना, पडद्याच्या कडा पिवळ्या पडलेल्या, पण ठणठणीत चालतो. जपान्यांचा यात हात धरणारा कुणी नाही; मासेमारीला खरोखर उपयोगी पडेल असा पहिला फिश फाइंडर फुरुनो बंधूंनी १९४८ साली नागासाकीकडच्या कोळ्यांसाठी केला होता. काकांना अजूनही खोली वावात, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या जुन्या मापात, बोलायची सवय. पडद्यावर मीटर दिसतात, तोंडाने ते “सोळा वाव” म्हणतात.

“तुला एवढ्याशा होडक्यावर कशाला हवा हा?” असं त्यांनी विचारलं. मग स्वतःच खाडीतले दोन खड्डे सांगितले, तेही ते हल्ली भरले असतील या बोलीवर.

त्यांचा सेट एवढा कसा टिकला ते बघत होतो. वर छप्पर आहे. वीज इंजिनवर चार्ज होणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांची. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग) बोटीच्या तळात कायमचा बसवलेला, वायर एकदा ओढली ती पुन्हा हलवलेली नाही. काढ-घाल शून्य. कयाकवर यातलं काहीच नाही. पडदा पाण्यापासून हातभर उंचीवर, दर खेपेला सगळं जोडायचं आणि सोडायचं, लाटेतून उतरायचं, जांभ्याच्या पायऱ्यांवरून ओढत आणायचं. बोटीवर टिकतं ते कयाकवर टिकेलच असं नाही. “मजबूत” म्हणून विकला जाणारा सेट कुणाच्या वापरात मजबूत, हे विचारायला हवं.

(हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे मिळेल याचे संदेश बोटवाल्यांना येतात. ते पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहाने बघून काढलेले, खोल समुद्रासाठी. खाडीत त्यांचा उपयोग नाही.)

१० नोव्हेंबर

बंदरातले सेट दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर सकाळ घालवली. ही भेट सगळ्या वाचनापेक्षा कामाची ठरली.

डोक्यात आयपीएक्स७ घेऊन गेलो होतो. जवळपास प्रत्येक छोट्या सेटच्या खोक्यावर तो शिक्का असतो. आयईसी ६०५२९ या मानकाप्रमाणे त्याचा अर्थ: एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तर आत इजा होईल इतकं पाणी जात नाही. बस, एवढंच. चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्या कोऱ्या वस्तूवर होते. जोराच्या फवाऱ्याचा आकडा वेगळा असतो, पाच किंवा सहा. सात मिळालं म्हणजे पाच-सहा आपोआप मिळालं असं होत नाही. मिठाचं नावसुद्धा त्यात नाही.

त्याच्याकडे मेलेल्या सेटांचा ढीग होता. त्याने एक उचलला, मागची पांढरी पडलेली टोपी फिरवून काढली आणि सॉकेट माझ्या डोळ्यासमोर धरलं. चार पिना. तीन पिवळ्या, चौथीच्या बुडाशी हिरवी पूड, बोटाने पुसली तर निघेना. त्याने सुईने टोकरली, तशी पिनच मोडून आली. आत सर्किट स्वच्छ, पडदा स्वच्छ, रबरी गास्केट जागच्या जागी.

“सेट मरत नाय दादा, टोक मरतं.”

कारण साधं आहे. खारं पाणी वीज वाहून नेतं. पिनेवर एक थेंब राहिला आणि सेटला बारा व्होल्ट चालू असतील, तर त्या थेंबातून पॉझिटिव्ह पिनेचा धातू विरघळत जातो. पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं, ते रात्रीच्या दमट हवेतून पुन्हा ओल शोषतं. म्हणजे कयाक घरी ओट्यावर पडलेली असतानाही काम चालूच. हिरवी पूड ती हीच.

आता प्रश्न बदलला. कोणता सेट जास्त पाणबंद, यावर डोकं खर्च करण्यात अर्थ नाही. सगळे जवळपास सारखेच आहेत. कुठल्या मांडणीत टोकं कमी, आणि जी आहेत ती पाण्यापासून लांब ठेवता येतात, ते बघायचं. पैसेही त्याच हिशेबाने वाटायचे: सेट स्वस्तातला, वायरिंग महागातलं.

१७ नोव्हेंबर

उमेदवार.

पहिला, दोरीला बांधून पाण्यात टाकायचा वायफायचा चेंडू. डीपर कंपनीचे प्रसिद्ध आहेत. टोकं कमी असणं हीच कसोटी लावली तर हा जिंकायला हवा, कारण त्याला वायरच नाही. पण पडदा म्हणून फोन लागतो. दुपारच्या उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, उजळपणा वाढवला की फोन तापतो आणि स्वतःच मंद होतो. ओल्या खारट बोटांनी टचस्क्रीन चालवणं तर विसराच. शिवाय बॅटरी आतच बंद केलेली. ती थकली की चेंडू थकला. काठावरून गळ टाकणाऱ्याला उत्तम. मला नको.

दुसरा गट सात इंची आणि त्यावरचे, बाजूचं चित्र दाखवणारे, हल्ली तर माशाची हालचाल जिवंत दाखवणारे. किंमत बजेटच्या बाहेर, वीज जास्त, म्हणून बॅटरी जड. आणि बाजूचं चित्र दाखवणारा ट्रान्सड्यूसर पाण्यात उघडाच असावा लागतो. भाट्ये पुलाच्या खांबांवर कालवांचे थर आहेत, पात्यासारखे धारदार. भरतीच्या ओढीत कयाक एकदा खांबाला घासली की खाली लोंबणारं काहीही शाबूत राहत नाही.

उरले साडेतीन ते पाच इंची: गार्मिनचे स्ट्रायकर, लॉरन्सचे हुक, हमिनबर्डचे हेलिक्स ५. तिन्हींना बटणं आहेत, हे बरं. पाच इंचीचा पडदा बघायला सुखाचा, पण मी पडद्यापासून हातभर अंतरावर बसतो, ट्रॉलरच्या केबिनमध्ये नाही. मोठा पडदा म्हणजे उलटताना लाटेला मोठी फळी.

मन स्ट्रायकर ४ कडे झुकतंय. साडेतीन इंची, आवाजाच्या वारंवारता दोन, ७७ आणि २०० किलोहर्ट्झ, जीपीएसवर खुणा ठेवता येतात, नकाशा मात्र नाही. खाडीच्या तळाचा नकाशा दरवर्षी बदलतो, त्यामुळे नकाशा नसल्याचं दुःख नाही.

२४ नोव्हेंबर

कोनाचं गणित, कारण यावर लोक फार गोंधळलेले दिसतात. ट्रान्सड्यूसर खाली आवाजाचा एक शंकू सोडतो. २०० किलोहर्ट्झला तो साधारण १५ अंशांचा, ७७ ला ४५ अंशांचा. चार मीटर पाण्यात १५ अंशांचा शंकू तळावर जेमतेम एक मीटर रुंद जागा बघतो, ४५ अंशांचा सव्वातीन मीटर. म्हणजे कयाक ज्याच्यावर आहे तेच दिसतं. “पुढे मासे आहेत का ते दाखवतो का?” या प्रश्नाचं उत्तर: नाही. मागे काय होतं ते दाखवतो. पडद्याच्या उजव्या कडेला आत्ताचा क्षण, बाकी सगळा इतिहास.

आमच्या खाडीत पाणी बहुतेक ठिकाणी दोन ते सात-आठ मीटर. शेकडो मीटर खोल बघण्याची ताकद जाहिरातीत कितीही सांगोत, ती इथे फुकट. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. तीन मीटर खोलीवरून प्रतिध्वनी चार मिलिसेकंदांत परत. एवढ्या उथळात कमी ताकदीचा सेटही आरामात पुरतो.

८ डिसेंबर

स्ट्रायकर ४ आला. ऑनलाइन घेतला, आयात केलेला. भारतात दुरुस्तीची हमी मिळणार नाही हे विक्रेत्याने आधीच लिहिलं होतं. बिघडला तर टपरीवाला आणि मी.

आज सप्तमी-अष्टमी, भांगाचे दिवस, पाण्याला जोर नाही. तरी खाडीत गेलो नाही, टेबलावरच सगळं जोडून बघितलं. मीटर लावून वीज मोजली: बारा व्होल्टला पाव अँपिअरच्या आत, पडद्याचा उजळपणा पूर्ण ठेवूनही. दहा ते वीस व्होल्टपर्यंत काहीही चालतं असं पुस्तिका म्हणते. म्हणजे बॅटरीचं निवडस्वातंत्र्य आहे.

मागची केबल एकाच प्लगची, वीज आणि ट्रान्सड्यूसर दोन्ही त्यातूनच. टोकं कमी, हे आवडलं. उलट बाजू अशी की तोच एक प्लग गेला तर सगळं गेलं. त्यामुळे ठरवलं: सेट दर वेळी त्याच्या बैठकीवरून काढून घरी न्यायचा, पण प्लगला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं आणि कयाकवर उरणाऱ्या टोकाला टोपी घालायची. ग्रीस वीज वाहत नाही. ते फक्त पाण्याची जागा अडवतं. पिन आत शिरताना धातूला धातू लागतोच.

१५ डिसेंबर

बॅटरी. सर्वांत स्वस्त म्हणजे यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची शिशाची. बाजारात कुठेही मिळते. नको, कारण वजन दोन किलोच्या वर, आणि ती चार्ज होताना थोडा का होईना हायड्रोजन सोडते. मला ती पाणबंद डब्यात ठेवायची आहे. हवाबंद डबा, हायड्रोजन आणि ठिणगी यांची गाठ घालायची नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलचा पॅक टपरीवाल्याकडूनच बांधून घेतला. एका सेलला ३.२, चारांचे १२.८ व्होल्ट. सहा अँपिअर-अवर, वजन किलोच्या आत. आत बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, त्यामुळे शॉर्ट झालं किंवा जास्त उतरलं तर स्वतः तोडतो. चार्जर १४.६ व्होल्टचाच हवा, मोटरसायकलचा लावायचा नाही. एका चार्जवर पूर्ण दिवस सहज, दुसरा अर्धा दिवसही निघेल. मोबाइलच्या जुन्या सेलांचे पॅक स्वस्त मिळतात, पण उन्हात तापणाऱ्या बंद डब्यात मला फॉस्फेटच बरा वाटतो. तापमान सोसतो आणि सहजासहजी पेटत नाही.

डबा: स्वयंपाकघरातला चार कड्यांचा, रबरी कडेचा. घरातून पळवला, बदल्यात नवा आणून द्यावा लागला. बाजूला भोक पाडून केबल ग्लँड (वायरीभोवती आवळून पाणी अडवणारं बूच) बसवला, आतून बाहेरून आवळला. आत सिलिका जेलच्या पुड्या. पॉझिटिव्हला लागूनच तीन अँपिअरचा फ्यूज. लांब लावला तर फ्यूजपर्यंतची वायर उघडीच राहते.

वायर. इथे खर्च केला. साध्या तांब्याच्या वायरीत खारं पाणी टोकातून शिरतं आणि केसासारख्या तारांमधून इन्सुलेशनच्या आतल्या आत वर चढतं. बाहेरून वायर नवी, आत काळी. बोटींसाठी कलई केलेल्या तांब्याची वायर मिळते. मिरकरवाड्यात मागवून मिळाली, साध्या वायरीच्या दुपटीहून महाग. हीटश्रिंक, म्हणजे तापवली की जोडावर आवळून बसणारी नळी, तीही आतून गोंद असलेली, गरम केली की टोकाला गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे. नाही आला तर पुन्हा.

२९ डिसेंबर

ट्रान्सड्यूसर कुठे? तीन पर्याय लोक वापरतात. बाजूला दांडा लावून पाण्यात सोडणं: चित्र सर्वांत स्वच्छ, पण गळाची दोरी अडकते, कालवांवर आपटतो, किनाऱ्याला लागताना उचलायला विसरलं की तुटला. तळातल्या निचऱ्याच्या भोकातून: छान, पण माझ्या कयाकची भोकं त्या मापाची नाहीत आणि वाळूवर ओढताना तो घासणारच. तिसरा, कयाकच्या आतून, तळाला चिकटवून, प्लास्टिकमधून बघणं.

पॉलिइथिलीनमधून आवाज बऱ्यापैकी जातो. हवेतून जात नाही. म्हणजे ट्रान्सड्यूसर आणि तळ यांच्यात हवेचा बुडबुडा राहिला तर खेळ संपला. फोमचा थर असलेल्या तळातूनही याच कारणाने दिसत नाही. चिकटवण्याआधी तपासायची युक्ती सोपी: पॉलिथिनच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात ट्रान्सड्यूसर, पिशवी कयाकच्या आत तळावर दाबून बांधायची. पाणी मधली हवा घालवतं.

तसंच करून धक्क्याजवळ उतरलो. शिशाच्या वजनाला दोरी, दर अर्ध्या मीटरवर गाठ. शेजारीशेजारी मोजलं: दोरी साडेतीन मीटर, पडदा ३.४. दोरी दोनच्या गाठीला, पडदा १.९. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पातळीच्या थोडा खाली असतो, तो फरक धरला तर जुळतंय. सेटिंग खाऱ्या पाण्यावर ठेवलं होतं. गोड्यावर ठेवलं तर आवाजाचा वेग वेगळा धरला जातो आणि पाच मीटरला दहा-बारा सेंटिमीटरचा फरक पडतो. वाळूच्या दांड्यावर तेवढा पुरतो.

एक तोटा मान्य करून टाकला: पाण्याचं तापमान आता खरं दिसणार नाही, प्लास्टिकचं दिसेल.

५ जानेवारी २०२५

चिकटवला. व्हॅसलीनचा विचार सोडून दिला. उन्हात उलट्या ठेवलेल्या कयाकच्या आत ते पातळ होऊन वाहील. सिलिकॉन घेतलं, पण व्हिनेगरसारखा वास येणारं नव्हे. त्यातलं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी. सिलिकॉन पॉलिइथिलीनला तसं घट्ट धरत नाही, आणि तेच सोयीचं आहे: सेट बदलला तर ट्रान्सड्यूसर सोलून काढता येईल. हलू नये म्हणून भोवती ईव्हीए फोमची चौकट, ती निओप्रीनच्या गोंदाने.

बुडबुडे टाळण्यासाठी सिलिकॉनचा ढीग मध्यभागी घातला आणि ट्रान्सड्यूसर तिरका टेकवून सावकाश आडवा दाबला, म्हणजे हवा एका बाजूने निघून जाते. दोन दिवस हात लावायचा नाही.

१२ जानेवारी

पौष चतुर्दशी, उधाण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चौदाला साडेदहा. मुखातून आत जाणाऱ्या पाण्याबरोबर सकाळी लवकर निघालो, म्हणजे वल्हं फारसं मारावं लागत नाही आणि पडदा बघायला डोळे मोकळे. लाइफ जॅकेट अर्थातच.

चिखलावर तळाची रेघ जाड आणि पसरट येते, वरची कड मऊ. पुलाकडे जाताना ती एकदम बारीक, ठसठशीत झाली आणि दुप्पट खोलीवर तिची फिकट सावली उमटली. प्रतिध्वनी पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन येतो तेव्हा अशी दुसरी रेघ येते. तळ कडक असल्याशिवाय नाही. म्हणजे इथे कातळ. तांडेलकाकांनी सांगितलेल्या दोन खड्ड्यांपैकी एक खरंच भरलाय, दुसरा आहे, साडेसहा मीटर, आणि त्याची नदीकडची कड सरळ तुटलेली. खूण ठेवली.

माशाची चित्रं दाखवायचं सेटिंग पहिल्याच दिवशी बंद केलं. सेट प्रत्येक ठिपक्याला मासा ठरवतो, त्यात पालापाचोळाही येतो. कच्च्या पडद्यावर मासा कमानीसारखा दिसतो, कारण तो शंकूच्या कडेवर असताना लांब, मध्यात जवळ, पुन्हा कडेला लांब. कयाक उभी आणि मासाही उभा असेल तर कमान होत नाही, लांबच लांब आडवी रेघ होते. प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीच्या ज्या भोताला लाखांचा भाव मिळतो, तीच ती पिशवी. पाकट-मुशी यांना ती नसते, त्यामुळे ते पडद्यावर फिके येतात.

खांबाजवळ तळापासून अर्धा मीटर वर दोन जाड रेघा. जिवंत कोळंबी लावून सोडली. एक तांबोशी मिळाली, किलोभराची. दुसरीने दोरी कालवांवर घासून तोडली.

२६ जानेवारी

मुद्दाम उलटवून पाहिली. कमरेएवढ्या पाण्यात, भावाला सोबत घेऊन, सेट चालू ठेवून. पडदा पूर्ण पाण्याखाली, वर वाळू ढवळलेली. सरळ केली तेव्हा सेट चालूच होता, खोली एक मीटर दाखवत होता. डबा उघडला, आत कोरडं.

दोन गोष्टी मात्र दिसल्या. सेट बैठकीतून निसटू पाहत होता, खटका अर्धवट उघडला होता. आता त्याला आखूड दोरी बांधून कयाकला अडकवला आहे. आणि बैठकीच्या फिरत्या भागात वाळू गेली, कुरकुर आवाज येतो. गोड्या पाण्याने धुतल्यावर गेली. नळाखाली हलक्या धारेत धुवायचं, जोरदार पाइप लावायचा नाही. वर लिहिलंय त्या पाच-सहाच्या आकड्याची खात्री नाही.

२३ फेब्रुवारी

लाट लागली की पडदा मिणमिणतो. मग स्थिर. मग पुन्हा.

आधी मागचा प्लग बघितला: स्वच्छ, ग्रीस जागेवर. बॅटरी १३.१ व्होल्ट. सेटच्या टोकाला मोजलं तर ११.९, आणि वायर हलवली की खाली-वर. म्हणजे मध्येच कुठेतरी अडथळा. एकेक तुकडा मोजत गेलो तो फ्यूज होल्डरवर थांबलो. तो तयार मिळाला होता, त्याच्या दोन्ही बाजूंच्या वीतभर वायरी त्याच्या स्वतःच्या, साध्या तांब्याच्या. हीटश्रिंक कापली. माझ्या वायरीची बाजू चंदेरी, त्याची बाजू काळी, आणि काळेपणा इन्सुलेशनच्या आत बोटभर चढलेला. डब्यात पाणी गेलेलं नव्हतं. चार्जिंगसाठी झाकण उघडताना ओल्या हातांचे थेंब तेवढे पुरले.

नवा होल्डर लावला, त्याच्या वायरी बुडापासून कापून कलईच्या वायरीने. शिवाय चार्जिंगचा सॉकेट डब्याच्या बाहेर काढला, टोपी असलेला, म्हणजे डबा उघडण्याची गरजच नको. टपरीवाल्याला दाखवलं. तो नुसता हसला.

१३ एप्रिल

ऊन. पडदा दुपारी बाराला सरळ उन्हातही वाचता येतो. पोलराइज्ड चष्मा लावून मान तिरकी केली की मात्र काळा. पडद्यातच पोलराइज्ड थर असतो आणि दोघांचे अक्ष आडवे-उभे झाले की उजेड अडतो. बैठक थोडी वळवून लावली, जमतं.

सेटची मर्यादा ५५ अंश. हवा ३४ असली तरी कातळावर उलट्या कयाकशेजारी, काळ्या प्लास्टिकचा सेट तोंड वर करून ठेवला तर ५५ लांब नाही. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच. किनाऱ्याला लागलं की सेट आधी पिशवीत, मग मासे. घरच्यांना हा क्रम पटलेला नाही.

१ जून

आजपासून यांत्रिक बोटींना बंदी, ३१ जुलैपर्यंत. वल्ह्याच्या होडीला ती लागू नाही, पण पावसाळ्यात काजळीच्या पाण्यात कयाक घालणं शहाणपणाचं नाही, त्यामुळे मीही बंद. बॅटरी निम्म्या चार्जवर काढून घरात. प्लग धुऊन, पूर्ण वाळवून, नवं ग्रीस. सेट कपाटात, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह. ट्रान्सड्यूसर कयाकमध्येच, त्याच्या टोकाला टोपी आणि वर फुगा बांधून.

हिशेब बघितला तर सेटला जितके गेले त्याच्या निम्म्याहून जास्त बॅटरी, वायर, ग्लँड, हीटश्रिंक यांत गेले. बजेटमध्ये बसलं. हंगाम एकच झालाय, त्यामुळे तीनचा शब्द आत्ता देत नाही.

तांडेलकाका काल घरी आले. त्यांच्या धाकट्या भावाची खाडीतली होडी आहे, तिला असाच लावून देशील का म्हणाले, आतून चिकटवून, भोक न पाडता. होडी लाकडी. लाकडातून हे चालत नाही. लाकडात हवा असते, आवाज तिथेच विरतो. फायबरची असती, तीही भरीव, तर जमलं असतं. तिला मागच्या फळीवर ब्रॅकेट लावून ट्रान्सड्यूसर पाण्यात सोडावा लागेल, आणि तो वर उचलता येईल असा बिजागरीचा, नाहीतर पहिल्याच ओहोटीला वाळूत रुतेल. बिजागरी ३१६ स्टेनलेसची (खाऱ्या पाण्यात कमी गंजणारी) मिळते का ते बघायला सांगितलंय. नारळी पौर्णिमेनंतर लावू.